नॉर्मलमावशींचे बावीस मिलिमीटर

त्या इमारतीत एकशे चौदा माणसं कामाला होती आणि त्यांतलं एकच माणूस नॉर्मल होतं. हे कुणी वैतागून म्हटलेलं नाही. तशी फाइलच होती.

फाइल निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : नॉर्मल. आत एकाच बाईची माहिती. वय बावन्न, काम काचसामान धुणं, लग्न नाही, चष्मा नाही, तक्रार नाही. खरं नाव पहिल्या पानावर होतं, पण त्या पानावर कधीतरी चहा सांडला, पान पुठ्ठ्याला चिकटलं, आणि तेव्हापासून त्या सगळ्यांच्या नॉर्मलमावशी झाल्या. नवीन लागलेल्या माणसाला पहिले दोन दिवस फार मजा वाटायची.

"नॉर्मल आल्या का?"

"नाही, आज रजेवर आहेत."

"मग आज काही खरं नाही."

तिथं काम चालायचं ते कोरड्या डोळ्यांच्या आजारावर. म्हणजे नुसतं धूळ जाऊन डोळे चुरचुरतात तसं नव्हे. साहेब पाहुण्यांना फार रंगवून सांगत : "आपल्या शरीरात पहारेकरी असतात. बाहेरचा जंतू आला की धरायचा, हे त्यांचं काम. या आजारात त्यांचं डोकं फिरतं. घरच्यालाच चोर समजतात! इथं, वरच्या पापणीच्या आत, बदामाएवढी अश्रुग्रंथी असते, तिच्यावरच तुटून पडतात. ग्रंथी गेली की पाणी गेलं. कसं? तर समजा, उद्या आमच्या या वॉचमननं मलाच गेटवर धरून बडवलं!"

पाहुणे खो खो हसत. वॉचमन हसत नसे. एकदा साहेब ओळखपत्र घरी विसरले, तेव्हा वॉचमननं त्यांना पाऊण तास गेटबाहेर उभं केलं आणि म्हणाला, "साहेब, मला कळतंय तुम्ही कोण आहात, पण माझं डोकं फिरलंय."

तर, रुग्णाचे अश्रू किती चांगले हे ठरवायचं तर शेजारी चांगले अश्रू ठेवायला हवेत. त्यासाठी सुरुवातीला पाच निरोगी माणसं निवडली होती. एकाला उंदरांची ॲलर्जी निघाली. एकीनं कॉन्टॅक्ट लेन्स बसवल्या. एक बाळंतपणाला गेली ती आलीच नाही. चौथा आकडेमोड करणारा, तो प्रेमात पडला आणि त्याचे आकडे असे वरखाली व्हायला लागले की त्याला यादीतून काढावं लागलं. उरल्या मावशी. त्या पुढे अकरा वर्षं उरल्याच.

दर मंगळवारी सकाळी अकराला मावशी हात पुसत काचखोलीतून निघायच्या आणि पट्टीखोलीतल्या खुर्चीत जाऊन बसायच्या. तिथली डॉक्टर तिशीची, कोटाच्या खिशात कायम चिमटा, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. चिमटी त्यांची खालची पापणी अलगद ओढायची, कागदाची बारीक पट्टी कोपऱ्यात अडकवायची आणि म्हणायची, "मिटा." मग टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर पाच मिनिटांवर फिरवायची. खरा टायमर तीन वर्षांपूर्वी मागवला होता, तो येतच होता. पाच मिनिटांत पट्टी किती भिजली ते मोजायचं. पंधरा मिलिमीटरच्या वर म्हणजे ठीक. पाचच्या खाली म्हणजे वाळवंट. मावशींचे बावीस. नेहमी बावीस. नंतर ती पट्टी एका नळीत जायची आणि तिच्यातली प्रथिनं मोजली जायची, कारण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे, डोळ्याचं रक्षण करणारी ती प्रथिनंच. मग रुग्णाच्या प्रथिनांना मावशींच्या प्रथिनांनी भागायचं. जे येईल ते टक्के.

पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि चिमटीनं समोरच्या स्टुलावर बसून बडबड करायची. घरमालक, उंदीर, तिच्या नवऱ्याचं घोरणं, काहीही. मावशी नुसतं "हं" म्हणायच्या. मावशींच्या चेहऱ्याला आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाचा हात लागायचा, तो तेव्हा. बाकी सहा दिवस काचेच्या नळ्या.

आई होती तोवर ठीक होतं. आई घरात बसून सगळ्या जगाला नावं ठेवायची, त्यात वेळ जायचा. दीड वर्षापूर्वी आई गेली. आता घरी गेल्यावर बोलायला फ्रीज. तो अधूनमधून हुंकार द्यायचा, तेवढंच.

आई गेली तेव्हा मावशी रडल्या नाहीत. न रडायचं ठरवून रडल्या नाहीत असं नव्हे, झालंच नाही. दादा लहान मुलासारखा हुंदके देत होता, वहिनी तर अशा रडत होत्या की शेजारीण त्यांनाच मुलगी समजून जवळ घेऊन बसली. मावशी मोरीत गेल्या, नळ सोडून डोळ्यांवर पाणी मारून आल्या, पण ते चार मिनिटांत वाळलं. आतून वहिनींचा आवाज आला, "एवढी वर्षं आईजवळ राहिल्या, आणि डोळ्यांत टिपूस नाही हो! दगड बरा." मावशींनी ते ऐकलं, आणि त्यांना ते पटलं. तेच वाईट झालं. त्यांना ते पटलं.

मग वरून एक नियम आला : यापुढे प्रत्येक पट्टीचा फोटो जोडावा. पहिल्याच मंगळवारी चिमटी फोटो काढता काढता थबकली. "मावशी, सोळा?"

"कमी आहे का?"

"चालतंय. पाणी पीत जा. पंधराच्या खाली गेलात तर मात्र तुम्हाला बदलावं लागेल हं!" चिमटी हसत म्हणाली. तिनं ते हसत म्हटलं, पण मावशी दिवसभर एकच चंचुपात्र घासत उभ्या होत्या.

तसं त्यांच्या लक्षात येत होतं. सकाळी पापणी उघडताना आत वाळू असल्यासारखं व्हायचं. बिस्कीट तोंडात टाकलं की टाळूला चिकटून बसायचं, पाण्याशिवाय सुटायचं नाही. कॅन्टीनवाल्यानं तर त्यांचं कौतुक मांडलं होतं, कारण मावशींनी गमतीत एकदा दोन किलो कांदा चिरून दिला आणि त्यांच्या डोळ्यांतून थेंब आला नाही. "याला म्हणतात कंट्रोल!" कॅन्टीनवाला सगळ्यांना सांगत सुटला. डोळे आगीसारखे जळत होते, पण एवढं कौतुक चाललेलं असताना कोण सांगणार?

त्यांनी पट्टीखोलीतून मुदत संपलेली एक पट्टी घरी नेली. आईच्या आरशासमोर बसल्या, अडकवली, आईच्या गजराच्या घड्याळावर पाच मिनिटं मोजली. नऊ.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून त्यांनी एक बाटली आणली. बाटलीवर छापलं होतं : कृत्रिम अश्रू. मावशींना वाटलं, बघा, हेही दुकानात मिळतात.

पहिल्या मंगळवारी अंदाज साफ चुकला. काचखोलीत कपाटाआड उभं राहून त्यांनी प्रत्येक डोळ्यात पाच-पाच थेंब टाकले. पट्टी पुरी भिजून टोकाशी थेंब लोंबायला लागला. चिमटी घाबरली. "मावशी! काय झालं? कुणी बोललं का काही?"

मावशींना काय सुचणार? "आईची आठवण आली," त्या म्हणाल्या.

चिमटीनं त्यांचा हात हातात घेतला आणि टायमर वाजून गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. खोटं बोलून एवढं मिळत असेल तर माणूस खरं कशाला बोलेल? ते तसं खोटंही नव्हतं.

पुढं मावशींनी शास्त्र बसवलं. दोन थेंब, चाळीस आकडे, तीनदा उघडझाप, आणि मग खुर्ची. बरोबर बावीस. इमारतीत इतका अचूक प्रयोग दुसरा कुणी करत नव्हता.

फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. दुकानातल्या थेंबांत पाणी असतं, बुळबुळीतपणा असतो, प्रथिनं नसतात.

त्याच सुमाराला साहेबांच्या पिवळ्या गोळीची परीक्षा चालू होती. चाळीस रुग्ण ती गोळी खात होते, आणि सहा महिने त्यांचे टक्के तिशीत रेंगाळत होते. साहेब तिशीतच म्हातारे दिसायला लागले होते; म्हणजे टक्क्यांच्या, वयाच्या नव्हे. आणि एका मंगळवारनंतर टक्के उड्या मारायला लागले. साठ. नव्वद. एकशे चाळीस! आकडेमोडवाल्यानं तीनदा मोजलं. भागाकारात खालचा आकडा आक्रसला की उत्तर फुगतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण खालचा आकडा म्हणजे नॉर्मल, आणि नॉर्मलकडे कोण बघतो?

साहेबांनी कापडी फलक रंगवून घेतला : रुग्ण नॉर्मलच्याही पुढे! केक आला. मावशींना मधोमध बसवून फोटो काढला. "यांना मागं टाकलं आम्ही!" साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले आणि केकचा मोठा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. तुकडा टाळूला जो चिकटला तो काही केल्या सुटेना. फोटोत मावशी गाल फुगवून अशा बसल्यात, जणू हरल्याचा राग आलाय.

त्यानंतरच्या आठवड्यात काचखोलीच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. "पाणी मिळेल का हो? बाहेरचं मशिन बंद आहे."

मावशींनी ग्लास पुढे केला. बाईंनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, मग गिळला. मावशी बघतच राहिल्या. त्याही असंच पाणी पीत.

"शाळेत गणित शिकवते मी," बाई म्हणाल्या. "शिकवत होते. आता फळ्यावरचं मलाच दिसत नाही, पोरांना काय दाखवू? हे वाचा. मोठ्यानं वाचा, मला झोंबतं."

पत्रावर साहेबांची सही होती. मावशींनी वाचलं, "आपले अश्रू आता नॉर्मलच्या एकशे ऐंशी टक्के आहेत. अभिनंदन. डोळ्यांत टाकायचे थेंब आजपासून बंद करावेत."

"केले बंद. आठ दिवस झाले." बाईंनी चष्मा काढला. डोळे असे लाल की मावशींनी नकळत आपलेच डोळे मिटले. "बुबुळावर ओरखडे आलेत म्हणे. मी तक्रार केली, तर आतून उत्तर आलं की एकशे ऐंशी टक्क्यांना तक्रार नसते. मी सत्तावीस वर्षं पेपर तपासले, बाई. शंभराच्या वर मार्क एकदाही कुणाला दिले नाहीत. तसे पडले तर दोनच गोष्टी असतात. एक तर पोरानं कॉपी केलेली असते, नाहीतर पेपर काढणाऱ्यानंच चूक केलेली असते."

मावशींच्या हातातून नळी सुटली. अकरा वर्षांत फुटलेली पहिली नळी.

"लागलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही इथंच बसा." खिशातली बाटली काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. "आधी हे टाका. मी येते."

साहेबांच्या खोलीत चिमटी आणि आकडेमोडवाला फलक कुठं लावायचा यावर वाद घालत होते. मावशी दारातूनच म्हणाल्या, "साहेब, मी नॉर्मल नाही."

"हो हो, कुणीच नसतं," साहेब म्हणाले. "खिडकीच्या वर लावा रे तो!"

"तसं नव्हे. मी दुकानातले थेंब टाकून बसते. चार महिने झाले."

आकडेमोडवाल्याला सगळ्यात आधी समजलं. तो हळूच खुर्चीत बसला, आणि ती खुर्ची नव्हती, केकचा रिकामा खोका होता.

"अहो, काहीतरीच काय!" साहेब म्हणाले. "तुम्ही आजारी असूच शकत नाही. तुम्ही नॉर्मल आहात. फाइल आहे!"

"फाइल बरी आहे हो. मला आहे."

"चिमटी, यांना समजाव!"

चिमटीनं काही समजावलं नाही. तिनं खिशातून चिमटा काढला. तिथंच, फलकाखाली, साहेबांच्या फिरत्या खुर्चीत मावशींना बसवलं. पापणी ओढली, पट्टी अडकवली, टोमॅटो फिरवला. या वेळी बडबड नाही. पाच मिनिटं सगळे त्या पट्टीकडे असे बघत होते, जसं दूध उतू जायची वाट बघतात. दूध काही उतू गेलं नाही. दोन.

"पुन्हा लाव," साहेब म्हणाले. पुन्हा लावली. पावणेदोन.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं त्याच दिवशी चाळीस जणांना फोन लावले आणि थेंब पुन्हा चालू करायला सांगितलं. एकेका फोनला त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या दहा जणांना तर तो साहेब वाटलाच नाही.

संध्याकाळी चिमटी काचखोलीत आली. मावशी फुटलेली नळी कागदात गुंडाळत होत्या.

"मला आधी सांगायचंत, मावशी."

"बदलणार होतीस ना मला."

चिमटीनं खाली राहिलेली एक काच उचलून कागदात टाकली. मावशींनी विचारलं, "एक बघून सांगशील? फाइलमध्ये दीड वर्षापूर्वीचं. आई गेली त्याच्या पुढच्या मंगळवारचं. तेव्हा माझं किती होतं?"

चिमटीनं फाइल आणली, पानं उलटली. "बावीस."

"बावीस," मावशी म्हणाल्या. म्हणजे पाणी होतं. भरपूर होतं. म्हणजे वहिनींचंच खरं.

चिमटी बराच वेळ पायानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "मावशी, रागावणार नाही ना? फोटोचा नियम येण्याआधी... मी बघायचेच नाही. तुमचं नेहमी बावीसच यायचं, म्हणून गप्पा मारता मारता आधीच लिहून ठेवायचे. बावीस. तेव्हा खरं किती होतं, देव जाणे."

मावशी रागावल्या नाहीत. त्यांना कळेना, हे ऐकून बरं वाटावं की वाईट. ग्रंथी तेव्हाच सुकली होती की मन, हे सांगणारा एकच कागद जगात होता, आणि तो गप्पांच्या भरात लिहिला होता.

रविवारी दादाचा फोन आला. नेहमीप्रमाणे तो वहिनींनीच लावला होता. मावशींनी सांगून टाकलं. ग्रंथी, पहारेकरी, दोन मिलिमीटर, सगळं.

"अगंबाई! वन्सं, मग आईंच्या वेळेलाही हेच होतं का हो?"

"हो," मावशी म्हणाल्या. फाइलीतल्या बावीसपेक्षा हे काही फार मोठं खोटं नव्हतं.

"मग तेव्हाच नाही का सांगायचं! मी उगाच सगळ्यांना..."

"सगळ्यांना काय?"

"काही नाही. हे बोलतायत हं." आणि दादानं हवापाण्याची चौकशी केली.

इमारतीत नवीन नॉर्मलचा शोध सुरू झाला. साहेब पहिले बसले. पट्टी टोकापर्यंत भिजली, कारण ते आदल्या दिवसापासून खोलीत बसून रडत होते. हिशेबनीसाला सर्दी, कॅन्टीनवाल्याला कांदा, आकडेमोडवाल्याचा घटस्फोट चालू. एकशे चौदा माणसांत एक नॉर्मल सापडेना. शेवटी कुणीतरी सहज वॉचमनला बसवलं. बावीस. फोटोसकट.

वॉचमनचा रुबाब वाढला. साहेबांनी पाहुण्यांना सांगायची उपमाही बदलली. मावशी रुग्णांच्या यादीत गेल्या, क्रमांक एक्केचाळीस. रुग्णाची पट्टी तीन महिन्यांतून एकदा.

पुढचा मंगळवार आला. अकराला पाच कमी असताना मावशींनी सवयीनं हात पुसले, आणि मग आठवलं. त्या पुन्हा घासायला लागल्या. पलीकडून टोमॅटोची टिकटिक ऐकू येत होती. चिमटीची बडबडही. घरमालक, उंदीर, नवऱ्याचं घोरणं. वॉचमन मोठ्यानं हसत होता, मधूनच सल्लाही देत होता. मावशींनी अकरा वर्षांत सल्ला दिला नव्हता, नुसतं "हं."

सव्वाअकराला पट्टीखोली रिकामी झाली. मावशी आत गेल्या. काही ठरवून नव्हे. खुर्ची अजून गरम होती. त्या बसल्या, मान मागं टाकली, थेंबांची वेळ झालीच होती म्हणून बाटली काढली आणि डोळ्यांत थेंब सोडले. हात हलला, जास्त पडले. गालांवरून ओघळून गळ्यापर्यंत गेले. त्यांनी पुसले नाहीत. हात लांब करून टोमॅटो पाच मिनिटांवर फिरवला. चिमटी पट्ट्या भरायला येईलच. आली की बसेल स्टुलावर. पाच मिनिटं तर पाच मिनिटं.

दार उघडलं. मावशींनी डोळे मिटूनच म्हटलं, "ये."

वॉचमन होता. टोपी आतच विसरला होता, ती त्यानं उचलली. त्यानं मावशींचे भिजलेले गाल पाहिले, हातातली टोपी पाहिली, आणि त्याला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "रडा तुम्ही. अगदी मोकळ्या व्हा. मी बघतो."

मावशींनी तोंड उघडलं होतं. हे औषध आहे, एवढंच सांगायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना "रडा" म्हणालं होतं, आणि त्या रडतायत यावर कुणाचातरी विश्वास बसला होता. त्यांनी तोंड मिटलं. वॉचमननं पाय न वाजवता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

बाहेर चपलांचा आवाज आला. चिमटीचाच.

"सरका हो, मला पट्ट्या भरायच्यात."

"आत जाता येणार नाही."

"अहो, माझीच खोली आहे!"

"असेल," वॉचमन म्हणाला. "मावशी आत आहेत. पाच मिनिटं कुणालाही सोडणार नाही मी. तुम्हालाही नाही."

"बरं बाबा," चिमटी म्हणाली, आणि चपला दूर गेल्या.

आत टोमॅटो टिकटिकत होता. गालांवरचे थेंब वाळायला लागले होते.